पाठीवर झोपून वाचलेलं शास्त्र

मणक्याचा टीबी झालेल्या कुणाच्या घरी हे पोचावं, म्हणून लिहिते आहे. मला तो झाला तेव्हा असं काही माझ्या हाती आलं नव्हतं. टीबी म्हणजे खोकला, छातीचा रोग, एवढंच मला ठाऊक. तो पाठीच्या हाडात जाऊन बसतो आणि चालत्या माणसाला महिनोन्‌महिने आडवं पाडतो, हे मला स्वतःच्या अंगावरून कळलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नाशिकमध्ये प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. माझे यजमान प्रभाकर रेल्वेत. नोकरी मनमाडला, सकाळच्या गाडीने जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. मुलगी स्मिता पाचवीत. घरात चौथं माणूस म्हणजे सासूबाई, ज्यांना आम्ही सगळेच आई म्हणायचो. आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. रविवारी देवळात उपासना, संध्याकाळी घरात प्रार्थना. रविवारच्या शाळेत मी मंडळीतल्या लहान मुलांना शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या गोष्टी सांगायचे. वचनं तोंडपाठ होती. रोज सकाळी कणीक मळण्याआधी एक अध्याय वाचायचे, डोळे मिटून प्रार्थना करायचे आणि उठायचे. सकाळी काय वाचलं असं दुपारी कुणी विचारलं असतं तर मला आठवलं नसतं. पण असं कुणी विचारत नसे.

पाठ आधी फळ्यावर लिहिताना दुखायला लागली. बाम लावला, शेकलं. शेजारणीने सांगितलेलं तेल चोळलं. संध्याकाळी कणकण यायची, ती दमल्यामुळे असेल असं वाटायचं. साडी नेसताना निऱ्या जास्त पडू लागल्या, तेव्हा वजन उतरल्याचा मला आनंदच झाला. मग एका रविवारी गीताला सगळे उभे राहिले आणि मला बाकावरून उठताच येईना. पुढच्या बाकाची पाठ धरून मी कशीबशी उभी राहिले. डाव्या पायाखाली जमीन आहे की नाही, ते नीट कळत नव्हतं.

*

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून पाहिला. मग त्यांनी मला पाठीवर झोपवून पायांना टाचणी टोचून पाहिली. उजव्या पायाला लागली. डाव्या पायाला टोचली तेव्हा मी म्हणाले, "टोचा ना." ते म्हणाले, "टोचली."

मणक्याची दोन हाडं कुरतडली गेली होती आणि तिथे साचलेला पू मज्जारज्जूला दाबत होता. सांगताना ते माझ्याकडे न बघता यांच्याकडे बघत होते. यांनी विचारलं, किती दिवस लागतील. डॉक्टर म्हणाले, "आधी पाय वाचवू या. दिवसांचं नंतर बघू."

त्यानंतर मला उठू दिलं नाही. ज्या टेबलावर तपासलं, तिथूनच स्ट्रेचरवर घेतलं. मी त्या खोलीत स्वतःच्या पायांनी चालत गेले होते. स्ट्रेचरच्या बाजूने हे चालत होते आणि त्यांच्या हातात माझ्या चपला होत्या. त्या कुठे ठेवाव्यात हे त्यांना कळत नव्हतं. वॉर्डात पोचेपर्यंत त्यांनी त्या हातातच धरल्या होत्या.

*

वॉर्डातल्या कॉटवर गादीखाली लाकडी फळी होती. कूस बदलायची ती दोन सिस्टरांनी मिळून, ओंडका फिरवावा तशी. बाकी वेळ छताकडे बघत पडून राहायचं. पहाटे सिस्टर ताप बघायच्या, मग गोळ्या, मग फरशी पुसली जायची, मग डॉक्टरांचा राउंड. त्या राउंडची मला धास्ती असायची. डॉक्टर पाय उचलायला सांगायचे आणि मी उचलून दाखवायचे. काल जेवढा उचलला तेवढा आज उचलला गेला का, हे मला कळत नसे. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरूनही काही कळायचं नाही.

जाग आल्याबरोबर डोळे उघडण्याआधी मी पायाची बोटं हलवून बघायचे. आधी उजवी, ती हलायची. मग डावी. डाव्या पायाकडे जायच्या आधी मी जरा थांबायचे. ते थांबणं मला अजून आठवतं.

तिथे चांगल्या गोष्टीही होत्या. आयाबाई थंडीच्या दिवसांत बेडपॅन गरम पाण्याने विसळून आणायच्या. त्यांना तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. हे संध्याकाळी मनमाडहून परतले की घरून डबा घेऊन यायचे आणि मला भरवायचे. झोपून जेवताना आमटी मानेवर ओघळते, ती ते रुमालाने टिपायचे. आम्ही फार बोलायचो नाही. ते गाडी किती लेट होती ते सांगायचे. मी ताप किती होता ते सांगायचे.

स्मिताला वॉर्डात येऊ देत नसत. ती आजीबरोबर खाली आवारात उभी राहायची. मला उठता येत नसल्यामुळे खिडकीपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. तेव्हा शेजारच्या कॉटवरची मंजुळा खिडकीत जाऊन उभी राहायची आणि मला सांगायची. "लाल फराक घातलाय. हात हालवती. आता म्हातारीनं तिला वडाखाली नेली, ऊन हाय ना."

मंजुळा हरसूलकडची. मोळी घेऊन उतरताना पाय घसरून दंडाचं हाड मोडलं होतं आणि ते सांधत नव्हतं. ऑपरेशनसाठी थांबली होती. आम्ही दोघी सारख्या वयाच्या. तिची चार पोरं गावाकडे होती आणि भाताचं कोण बघतंय याचा तिला घोर होता.

*

घरातलं बायबल आईंनी पाठवलं होतं. जाड, काळ्या कातडी बांधणीचं. ते चेहऱ्यावर धरून वाचायला गेले तर मनगटं थरथरायला लागली आणि एकदा ते सरळ नाकावर आदळलं. आमच्या देवळाचे पाळकसाहेब भेटायला आले तेव्हा त्यांनी हे ऐकलं आणि दुसऱ्या खेपेला शुभवर्तमानाची एक सुटी पुस्तिका घेऊन आले. चौथं शुभवर्तमान. पातळ, एका हातात धरता येण्यासारखी. माझ्याकडे वाचायला तेवढंच होतं, म्हणून मी तेच पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

मंजुळाला वाचता येत नव्हतं. दुपारी ती म्हणायची, मोठ्यानं वाच, नुसतं पडून डोकं फिरतं. एकदा तळ्याची गोष्ट आली. पाच पडव्यांचं तळं, तिथे आंधळे, लंगडे, लुळे असे कितीतरी लोक पडलेले. पाणी हललं की जो आधी उतरेल तो बरा होणार. अडतीस वर्षं आजारी असलेल्या एका माणसापाशी येशू येतो, बरं व्हायचंय का, असं त्याला विचारतो आणि बरं करतो. तो माणूस बाज उचलून चालायला लागतो. ही गोष्ट मी रविवारच्या शाळेत कितीदा सांगितली होती. आमच्याकडे तिचं चित्रही होतं. खांद्यावर वळकटी घेतलेला माणूस, मागे निळं पाणी.

मंजुळा म्हणाली, "आन बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

"पडवीत पडले व्हते ना लय जण. त्यांचं काय झालं?"

मी पुस्तिका पुन्हा वाचली. त्यांच्याबद्दल पुढे एक शब्द नव्हता. मी म्हणाले, ते लिहिलेलं नाही. ती प्लास्टरमधला हात उशीवर नीट ठेवत राहिली. तिने सहज विचारलं होतं, एखाद्या गोष्टीत पुढे काय झालं विचारतात तसं. पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आमच्या त्या चित्रात बाकीचे काढलेलेच नव्हते. आणि मी मान वळवली की मला दिसायचं काय, तर दोन्ही बाजूंना कॉटांची रांग आणि प्रत्येक कॉटवर एक बाई.

तेव्हापासून माझं वाचणं बदललं. मी एकच उतारा घ्यायचे आणि दिवसेंदिवस त्यावरच राहायचे. तिथे कोण कोण आहे, कोण बोलतं, कोण गप्प राहतं, काय लिहिलं आहे आणि काय लिहायचं सोडलं आहे, हे बघायचे. त्याने धीर आला असं म्हणणं खोटं होईल. निदान सुरुवातीला तरी भीती वाढलीच. पूर्वी मी वाचताना आपोआप त्या बऱ्या झालेल्या माणसाच्या जागी असायचे. आता मला वाटायचं, आपण बाकीच्यांतल्या असलो तर?

मंजुळाचं ऑपरेशन नीट झालं. जायच्या दिवशी ती माझ्या पायथ्याशी आली आणि माझ्या डाव्या पायाचा अंगठा तिने धरला. म्हणाली, "कळतंय का, मी धरलाय?"

मी हो म्हणाले. खरं तर मला काही कळलं नव्हतं. तिचा नवरा पिशवी घेऊन दारात थांबला होता आणि त्यांना हरसूलची बस गाठायची होती.

*

पुढे डॉक्टरांनी सांगितलं की पाय सुधारला नाही तर मुंबईला नेऊन ऑपरेशन करावं लागेल, आणि त्यात धोका आहे. तोवर गोळ्या चुकवायच्या नाहीत, घरी फळीवर पडून राहायचं आणि वाट बघायची.

घरी पुढच्या खोलीत माझी कॉट लावली. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी मला पाहायचा आणि मग बसायची जागा शोधायचा, ती शक्यतो दाराजवळ. हा टीबी श्वासातून पसरत नाही असं हे सगळ्यांना सांगायचे. लोक मान डोलवायचे आणि चहा नको म्हणायचे. एका मैत्रिणीच्या आईने स्मिताला तिच्या डब्यातलं कुणाला द्यायचं नाही असं बजावलं. ते तिने मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

मंडळीतली माणसं प्रार्थनेला यायची. त्यांच्या येण्याने बरं वाटायचं. पण काही जण प्रार्थना झाल्यावर हळूच विचारायचे, मनात कुणाविषयी राग आहे का, काही कबूल करायचं राहिलंय का. ते गेल्यावर मी तासन्‌तास आठवत बसायचे. राग तर होता. तो कुणाला नसतो?

गोळ्या मोठ्या होत्या आणि पोट ढवळून काढायच्या. लघवी लाल व्हायची. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा आई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. गोळ्यांचा डबा त्यांना नजरेसमोर नको असायचा. मी गोळी घेतली की त्या आत निघून जायच्या. शुक्रवारी त्या माझ्यासाठी उपास करायच्या. मग सोमवारचाही सुरू केला. गावात बाहेरून एक उपदेशक आले होते, संध्याकाळी मैदानात आरोग्यासाठी प्रार्थना व्हायची. आई रोज तिकडे जायला लागल्या.

एक दिवस त्या म्हणाल्या, त्यांना घरी बोलवायचं. मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "येऊ देत. प्रार्थनेनं काय नुकसान होणार आहे?" मला त्या क्षणी फार एकटं वाटलं.

*

त्या दिवसांत शाळेतून आल्यावर स्मिता मला मोठ्या बायबलातून वाचून दाखवायची. तिला युद्धं आवडायची, म्हणून आम्ही जुन्या करारात होतो. एकदा एका राजाचं आजारपण आलं. तो मरायला टेकलेला, भिंतीकडे तोंड करून रडतो. देव त्याचं ऐकतो, संदेष्ट्याकडून निरोप देतो की तू बरा होशील. आणि मग संदेष्टा म्हणतो, अंजिरांचा लगदा आणा. तो त्याच्या गळवावर बांधतात आणि राजा बरा होतो.

स्मिताने विचारलं, देव बरं करणारच होता तर अंजीर कशाला?

मला आवडला तो प्रश्न. तिच्याकडून ते मी तीनदा वाचून घेतलं. मग ती गेल्यावर पडल्या पडल्या विचार करत राहिले. निरोप आधी, अंजीर नंतर. देवाचा निरोप घेऊन आलेल्या माणसानेच औषध मागवलं होतं. राजाचा विश्वास कमी पडला असं तिथे कुणीही म्हटलेलं नव्हतं.

उपदेशक आले ते रविवारी दुपारी. हेही घरी होते. वाईट माणूस नव्हता तो. आवाज मऊ होता आणि माझा पाय पाहून त्यांचे डोळे खरंच भरून आले. त्यांनी माझ्या कपाळाला तेल लावलं, डोक्यावर हात ठेवला आणि खूप वेळ प्रार्थना केली. मी रडले. आजारात माझ्या अंगाला हात लावताना लोक कचरायचे, त्यामुळे तो हातच मला पुरेसा होता.

प्रार्थना संपल्यावर त्यांनी विचारलं, गोळ्या चालू आहेत का. मग म्हणाले, "ताई, आजपासून त्या बंद करा. उशाशी गोळ्या ठेवल्या म्हणजे उशाशी शंका ठेवली."

आईंनी स्टुलावरचा गोळ्यांचा डबा उचलला. दोन्ही हातांनी छातीशी धरला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. हेही.

मी उपदेशकांना विचारलं, त्या आजारी राजाची गोष्ट ठाऊक आहे का. ते म्हणाले, ठाऊक आहे. मी म्हणाले, "बरा होशील असं देवाने सांगितल्यावरही संदेष्ट्याने अंजीर मागवले. मला तुमची प्रार्थना हवी आहे. रोज केलीत तरी हवी आहे. पण गोळ्या मी घेणार."

ते म्हणाले की फार अभ्यासानेही माणूस देवापासून लांब जातो, आणि उठले. दारापर्यंत जाऊन परत वळून त्यांनी मला नमस्कार केला. हे उठले, आईंच्या हातातून डबा अलगद सोडवून घेतला आणि स्टुलावर ठेवला. आई स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या.

*

वाचणाऱ्याला वाटेल, मी जिंकले. मला तसं एक दिवसही वाटलं नाही. त्या रविवारनंतर माझी भीती दुप्पट झाली. तो माणूस खरं बोलला असेल तर? एका गोष्टीचा आधार घेऊन मी माझा पाय घालवत तर नाही? शास्त्र मी खरं वाचते आहे, की मला हवं तेच त्यातून काढते आहे? हा प्रश्न रोज सकाळी पायाच्या बोटांबरोबर यायचा. डावी बोटं हलायची, पण दुसऱ्या कुणाची असावीत तशी. मुंबईची तारीख घ्यायची का, असं हे दर आठवड्याला डॉक्टरांना विचारून यायचे. डॉक्टर म्हणायचे, अजून थोडं थांबू.

आई ताट आणून ठेवायच्या आणि जायच्या. माझं पाणी, माझे कपडे, बेडपॅन, सगळं त्या करायच्या, एक शब्द न बोलता. उपासांनी त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. हे दोघींच्या मधे उभे राहून कधी आईंना, कधी मला काहीतरी विचारायचे आणि मग पेपर उघडून बसायचे.

मी तोवर स्तोत्रांची पुस्तिका घेतली होती. क्रमाने, एकेक, सावकाश. स्तोत्रांमध्ये गाऱ्हाणी पुष्कळ आहेत, हे मला नव्याने कळत होतं. देवा, कुठे आहेस, किती दिवस, असं माणूस विचारतो. पण शेवटाकडे बहुतेक ठिकाणी स्वर वळतो, स्तुती येते. मी त्या वळणाची वाट बघत वाचायचे. आणि एका दुपारी एक असं स्तोत्र आलं की ते वळलंच नाही. माणूस हाका मारतो, माझा जीव दुःखाने भरलाय म्हणतो, जवळची माणसं दूर गेली म्हणतो, आणि अंधारात संपतं. मला वाटलं, पान गळलं असेल. पाहिलं तर खाली पुढच्या स्तोत्राचा क्रमांक होता.

मी ते मोठ्याने वाचत होते. स्वतःलाच ऐकू यावं म्हणून. दारात आई तांदूळ निवडत बसल्या होत्या, हे माझ्या लक्षात नव्हतं.

त्या म्हणाल्या, "पुढं वाच."

किती दिवसांनी बोलल्या होत्या. मी म्हणाले, "संपलं, आई."

"असंच संपतं?"

"हो."

"शास्त्रात हाय हे?"

मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, परत वाच. मी परत वाचलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, उठून आल्या आणि कॉटच्या कडेला बसल्या. कितीतरी वेळ माझ्या पांघरुणाची घडी नीट करत राहिल्या. मग त्यांनी मला जे सांगितलं, ते त्यांच्या मुलालाही ठाऊक नव्हतं.

सासरे तापाने गेले, असंच आम्हाला माहीत होतं. ते टीबीने गेले होते. हे तेव्हा रांगत होते. आईंनी सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलं, सगळी इंजेक्शनं दिली, आणि कॉटशेजारी जमिनीवर बसून रात्रंदिवस प्रार्थना केली. ते वाचले नाहीत. माती दिल्यावर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्याने त्यांना सांगितलं की तुझा प्रभूपेक्षा सुईवर विश्वास जास्त होता. आई तेव्हा ऐन विशीत होत्या. पुढे टीबीचं नाव घरात काढायचं नाही असं सासरच्यांनी ठरवलं, आणि त्यांनीही ते कधी काढलं नाही.

"या वेळी मला चुकायचं नव्हतं," त्या म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरला. तो तांदळाच्या कोंड्याने पांढरा झाला होता. त्या म्हणाल्या, अजून एकदा वाच. मी वाचलं.

संध्याकाळी गोळ्यांच्या वेळी त्या आत गेल्या नाहीत. ग्लासात पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आधी दोन घास खा, मग घे. उपाशीपोटी मळमळतं."

*

त्यानंतर रोज दुपारी आम्ही दोघी बसायचो, म्हणजे त्या बसायच्या आणि मी पडलेली. त्यांना अक्षरं फार दिसत नसत, पण कानांनी ऐकलेलं त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं. मी वाचायचे, त्या थांबवायच्या. हा माणूस रागावलाय का रडतोय, विचारायच्या. त्याची बायको कुठं हाय, ती का बोलत नाय. कधी उत्तर सापडायचं, कधी नाही. सापडलं नाही तर आम्ही ते तसंच ठेवायचो आणि चहा करायची वेळ व्हायची. उपदेशकांपुढे बोलले तेव्हापासून माझ्या मनात जे खुपत होतं, तेही मी त्यांना सांगितलं. मी हवं तेच वाचते आहे का, हे. त्या म्हणाल्या, हवं तेच वाचलं असतंस तर हे अंधाराचं मला कशाला ऐकवलं असतंस?

पाय सावकाश परत आला. एका सकाळी डाव्या टाचेखाली चादरीची सुरकुती टोचली. मी ओरडले नाही, कुणाला सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी टोचेल की नाही, याची खात्री नव्हती. दुसऱ्या दिवशीही टोचली. डॉक्टरांनी टाचणी लावली तेव्हा मी पाय झटकला आणि ते हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मग पाठीला पट्टा आला. उठून बसले तेव्हा खोली गरगर फिरली. मग भिंत धरून उभी राहिले, मग दारापर्यंत गेले. गोळ्या वर्षाहून जास्त चालल्या. मुंबईला जावं लागलं नाही.

आता हे लिहिताना दोन हजार सालही मागे पडलं आहे. पाण्याची बादली मी अजून उचलत नाही. पाठीत जराशी कळ आली तरी एक्स-रे निघेपर्यंत मी कुणाशी धड बोलत नाही. ही भीती कायमची गेली असं मला लिहिता येणार नाही. ज्यांना हा आजार आहे त्यांना मी एवढंच सांगेन की गोळ्या पूर्ण घ्या, आणि ज्या देवाला मानता त्याच्याशी खरं बोला. भीती वाटते हेही त्याला सांगून टाका.

*

आजारानंतर मी पहिल्यांदा देवळात गेले ते पट्टा बांधून, यांच्या हाताला धरून. पाळकसाहेबांनी आनंदाने मंडळीला सांगितलं की आज शालिनीबाई साक्ष देतील, देवाने त्यांना कसं बरं केलं ते सांगतील. मला ते नको होतं. लोकांना काय ऐकायचं आहे हे मला ठाऊक होतं. मी तसं बोलले तर ज्यांची माणसं बरी झाली नाहीत, ते बाकांवर बसून ऐकणार होते. मी उभी राहिले. मी म्हणाले की प्रभूने मला उभं केलं, त्याचे उपकार मानते. गोळ्यांनीही उभं केलं, त्याही मी एकही न चुकवता घेतल्या. आणि मीच बरी का झाले, हे मला कळलेलं नाही. एवढं बोलून मी बसले. देवळात कुणी आमेन म्हटलं नाही.

तेव्हा माझ्या शेजारच्या आई उठल्या. त्या देवळात कधी बोलल्या नव्हत्या. पदर डोक्यावर नीट घेतला आणि पुढच्या बाकाला हात टेकला.

"माझे मालक टीबीनं गेले," त्या म्हणाल्या. "मी प्रार्थना केली व्हती. विश्वासानं केली व्हती. तरी गेले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं."

यांनी मान वर करून आईकडे पाहिलं. आपले वडील कशाने गेले, हे त्यांना त्या देवळातच कळलं. पाळकसाहेबांनी पुढच्या गीताचा क्रमांक सांगायला पुस्तक उघडलं होतं. ते तसंच हातात धरून ते खाली बसले. आईही बसल्या.

मग मागच्या बाजूला बाक करकरला. कुणीतरी उभं राहिलं होतं. पट्ट्यामुळे मला मागे वळता येत नव्हतं, पण आवाज ओळखीचा होता. आमच्या गल्लीतल्या एक बाई. त्यांचा मोठा मुलगा काही वर्षांपूर्वी काविळीने गेला होता. "माझा पोरगा," त्या म्हणाल्या, आणि त्यांना पुढे बोलता येईना. आई पुन्हा उठल्या, त्यांच्या बाकापर्यंत गेल्या, त्यांना हाताला धरून आमच्या रांगेत घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "सरक जरा, शालू. हिला बसू दे."